तीन आठवड्यांचा वायदा

आज आम्हाला तुमच्याशी अणुविजेबद्दल बोलायला सांगितले आहे. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पस्तीस वर्षे मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवले. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. तेव्हा अणूच्या पोटात काय चालते ते आम्ही थोडक्यात सांगू, कारण आम्हाला थोडकेच येते. आम्हाला जास्त बोलायचे आहे ते भरवशाबद्दल. असे मोठे निर्णय दूर कुठे तरी घेतले जातात. त्यांचे बरेवाईट गावाला भोगावे लागते. मग गावाने त्या निर्णयावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

आधी आमचीच एक चूक सांगतो.

आम्ही होतो त्या गावी एका पावसाळ्यात शाळेची भिंत खचली. वरून कागद आला, की पंधरा दिवसांत दुरुस्ती होईल. आम्ही पालकांची सभा बोलावली आणि तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. मागे एक म्हातारे गवंडी बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, पाया सुटलाय. पंधरा दिवसांचं काम न्हाई हे." आम्ही हसलो. म्हणालो, "बाबा, कागदावर सही-शिक्का आहे."

दुरुस्तीला दीड वर्ष लागले. तोवर वर्ग देवळात भरले. पावसाचे पाणी आत यायचे. कितीतरी जणांनी मुली घरी बसवल्या. त्यातल्या चार मुली पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. पुढे भिंत उभी राहिली. पण त्यानंतर आम्ही सभेत काही सांगू लागलो, की लोक आधी त्या गवंडीबाबांकडे बघायचे. त्यांनी मान हलवली तर आमचे खरे! भिंत काय, कोणाचीही पडते. पण ठाऊक नसताना आम्ही छातीठोक बोललो, ते लोक विसरले नाहीत. आम्हीही विसरलो नाही.

असाच एक छातीठोक वायदा इंग्लंडातल्या मेंढपाळांना दिला गेला होता. वायदा होता तीन आठवड्यांचा. तो पुरा व्हायला सव्वीस वर्षे लागली. आज ती गोष्ट सांगतो.

पण आधी अणुवीज म्हणजे काय, ते पाहू.

चुलीवर पाणी उकळले की वाफ होते. वाफेच्या जोराने झाकण उडते. कारखान्यात त्याच वाफेच्या जोरावर पात्यांचे मोठे चाक फिरवतात आणि त्या चाकापासून वीज तयार होते. कोळशाच्या वीजघरात पाणी तापवायला कोळसा जाळतात. अणुवीजघरात कोळसा नसतो. तेथे युरेनियम नावाची जड धातू असते. तिचे अणू फुटतात आणि त्यातून फार मोठी उष्णता निघते. बाकी सारे तेच. पाणी, वाफ, चाक, वीज. धूर मात्र होत नाही. आपल्या देशात शंभर युनिट वीज तयार झाली, तर त्यात सुमारे तीन युनिट अणूची असते.

मग भीती कशाची? अणू फुटल्यावर मागे जी राख म्हणा, गाळ म्हणा, उरतो, त्यातून किरण निघत राहतात. हे किरण शरीराला अपाय करतात. काही पदार्थांचे किरण थोड्या दिवसांत ओसरतात, काहींचे हजारो वर्षे ओसरत नाहीत. भट्टी नीट चालली तर हा गाळ बंदोबस्तात राहतो. भट्टी बिघडली आणि तो हवेत उडाला, तर वाऱ्याबरोबर कुठेही जातो.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नाही, चव नाही. विहिरीत साप पडला तर आपण वाकून पाहू शकतो. दूध नासले तर नाकाला कळते. पण दुधात किरण सोडणारा कण आहे की नाही, हे ज्याच्या हाती यंत्र असेल त्यालाच कळते. आपल्याला त्याच्या शब्दावर राहावे लागते. म्हणून या कामात माणसाचा शब्द फार महाग आहे.

तर आता गोष्ट.

इंग्लंडच्या वायव्य टोकाला कंब्रिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. पाऊस फार. थंडी फार. तेथे धान्य थोडे आणि मेंढ्या पुष्कळ. त्या मेंढ्यांची एक जात आहे, तिला हर्डविक म्हणतात. अंगाने लहान, पण मोठी काटक. डोंगरमाथ्यावर कुंपण नसते. कोकरू आईच्या मागे चालून आपला डोंगर कोणता, ते शिकते. मग ते जन्मभर आपला डोंगर सोडत नाही. बहुधा शेताचा मालक बदलला तरी त्या मेंढ्या डोंगराबरोबरच राहतात. आपल्याकडचे धनगर कळप घेऊन मुलूख फिरतात. तिकडे माणूस आणि मेंढी दोघेही पिढ्यान् पिढ्या त्याच डोंगरावर.

याच मुलखात समुद्राच्या काठी १९५० च्या सुमारास विंडस्केल नावाचा अणुकारखाना सुरू झाला. तेथे अणुबाँबसाठी लागणारा प्लुटोनियम तयार करीत. १९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, १० तारखेला, तेथल्या एका भट्टीत आग लागल्याचे ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी पाणी ओतून ती विझवली. पण तोवर धुराड्यातून विषारी कण बाहेर पडले होते. ते गवतावर बसले. गवत गायींनी खाल्ले. कण दुधात उतरले. मग सरकारने सुमारे पाचशे चौरस किलोमीटर भागातले दूध काही आठवडे ओतून द्यायला लावले. दुभत्या गायी, रोजचे दूध, आणि ते रोज ओतायचे! ज्याच्या दारात गाय आहे त्याला हे निराळे सांगायला नको.

त्या आगीची चौकशी झाली. विल्यम पेनी नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने अहवाल लिहिला. पण त्या वेळचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी तो पुरा अहवाल लोकांपुढे येऊ दिला नाही. लोकांना एक कापलेला, आटोपशीर वृत्तान्त दिला. पुरा अहवाल खुला झाला तो १९८८ साली. म्हणजे तीस वर्षांनी. तोवर कारखान्याचे नावसुद्धा बदलले होते. १९८१ सालापासून त्याला सेलाफील्ड म्हणू लागले. नाव बदलल्याने शेजाऱ्यांची आठवण थोडीच बदलते?

आता १९८६ साली या. एप्रिलच्या २६ तारखेला, तेव्हाच्या सोव्हिएत देशातल्या युक्रेनमध्ये, चेर्नोबिल येथली अणुभट्टी फुटली. जगातला तो सर्वांत मोठा अणुअपघात. वाऱ्याने ते ढग युरोपभर नेले. मे महिन्याच्या २ आणि ३ तारखेला कंब्रियाच्या डोंगरांवर धो धो पाऊस झाला आणि त्या पावसाबरोबर सीझियम नावाचे द्रव्य खाली आले. सीझियमचे कण गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात, पोटातून मांसात.

मे महिन्यात सरकारने सांगितले, काळजीचे कारण नाही. आणि जूनच्या २० तारखेला अचानक हुकूम निघाला : कंब्रिया आणि वेल्स प्रांतातल्या डोंगरी भागातली मेंढी विकायची नाही, हलवायची नाही, कापायची नाही. किती दिवस? तीन आठवडे. फक्त तीन आठवडे, मग सारे पूर्ववत.

मेंढपाळ म्हणाले, ठीक आहे. कोकरे विकायला अजून अवकाश होता. तीन आठवडे कसेही निघाले असते.

जुलै उजाडला. तीन आठवडे सरले. मेंढ्यांच्या अंगातले सीझियम कमी व्हायच्या ऐवजी काही ठिकाणी वाढलेले निघाले. मग बंदी बेमुदत झाली.

असे कसे झाले? शास्त्रज्ञ काही मूर्ख नव्हते, खोटारडेही नव्हते. त्यांना ठाऊक होते, की सीझियम जमिनीत गेले की मातीचे कण ते धरून ठेवतात. मुळांना ते परत मिळत नाही. नवे गवत स्वच्छ येते. स्वच्छ गवत खाल्ले की काही आठवड्यांत मेंढीच्या अंगातलेही निघून जाते. हे सारे खरे आहे. पण हा अनुभव सखल भागातल्या चिकणमातीचा होता. डोंगरमाथ्यावर चिकणमाती नाही. तेथे कुजक्या झाडपाल्याची काळी, ओलसर, आंबट माती असते. ती सीझियमला धरून ठेवत नाही. ते पुन्हा मुळांत, पुन्हा गवतात, पुन्हा मेंढीत. मेंढीच्या लेंडीतून परत जमिनीत. रहाटगाडग्यासारखे ते फिरत राहिले. आणि सीझियमची एक जात अशी आहे, की तिचा जोर निम्मा व्हायला तीस वर्षे लागतात.

गणितात चूक नव्हती. माती निराळी होती. आणि माती निराळी आहे, हे त्या डोंगरावर उभा जन्म काढलेल्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

पुढे जे झाले ते आम्हाला जास्त बोधाचे वाटते.

साहेब लोक म्हणाले, मेंढ्या डोंगरावरून खाली दरीत आणा, दरीतले गवत स्वच्छ आहे. बोलणे बरोबर. पण दरीत गवत किती? मूठभर. ते हिवाळ्यासाठी राखलेले. ते उन्हाळ्यातच चारून संपवले तर बर्फात काय घालायचे? दरसाल कोकरे विकून टाकतात ती याचसाठी. आणि विक्रीच तर बंद होती. कोणी तज्ज्ञाने सुचवले, बाहेरून काड आणून घाला. मेंढपाळांना हसावे की रडावे कळेना. डोंगरातली मेंढी काडाला तोंड लावते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

मग प्रयोग ठरला. बेंटोनाइट नावाची एक चिकणमाती गवतावर पसरायची आणि ती सीझियम धरून ठेवते का ते पाहायचे. त्यासाठी कुंपण घालून मेंढ्या निरनिराळ्या वाफ्यांत कोंडल्या. मेंढपाळांनी सांगितले, "ही मोकळ्या डोंगरावर फिरणारी जात आहे. कोंडलीत तर वाळेल, आणि मग तुमच्या मोजणीला अर्थ राहणार नाही." कोणी ऐकले नाही. काही काळाने प्रयोग सोडून द्यावा लागला. कारण? मेंढ्या कोंडल्यामुळे वाळल्या. मेंढपाळांचे शब्द खरे ठरले, पण तुमचे बरोबर होते, असे त्यांना कोणी येऊन सांगितले नाही.

मेंढ्यांची मोजणी व्हायची ती सुद्धा मेंढपाळ आपल्या डोळ्यांनी पाहत होते. यंत्र मेंढीच्या अंगाला टेकवून धरायचे. धडपडणारी मेंढी, पाऊस, वारा. एकदा नापास झालेली मेंढी पुन्हा मोजली की पास व्हायची. मेंढपाळांना याचे नवल वाटले नाही. निसर्गात असेच असते, एका वाफ्यातली दोन कणसे सारखी नसतात. त्यांना नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. शिवारात इतका डळमळीत असणारा आकडा कचेरीत पोचला की एकदम पक्का कसा होतो?

पुढे रंग लावायची रीत निघाली. ज्यांना दरीत किंवा दुसरीकडे न्यायचे, त्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचा. रंग आहे तोवर ती कापायची नाही. मेंढी विकता येई, पण रंगीत पाठीची मेंढी बाजारात कोण चांगल्या भावाने घेणार? मोजणीसाठी मेंढ्या गोळा करायच्या, धरायच्या, सोडायच्या. त्या श्रमापोटी सरकार मेंढीमागे एक पौंड तीस पेन्स देई. वर्षे गेली, महागाई वाढली, तो दर तेवढाच राहिला.

आता कारखान्याची गोष्ट इथे येऊन मिळते. बंदीचा प्रदेश हळूहळू कमी करीत आणला. कंब्रियात सुमारे दीडशे शेते उरली. ती कुठली? नेमकी सेलाफील्डच्या शेजारच्या डोंगरांवरची. मेंढपाळांनी विचारले, "हे सारे चेर्नोबिलचेच कशावरून? १९५७ च्या आगीनंतर तुम्ही आमचे डोंगर मोजले होते ना? त्या वह्या दाखवा." त्यांचे समाधान होईल असे काही मिळाले नाही. तज्ज्ञ म्हणाले, चेर्नोबिलच्या सीझियमची खूण निराळी आहे, आम्ही ओळखतो, तुम्ही शंका घेऊ नका. नंतरच्या मोजणीत तज्ज्ञांनाच कबूल करावे लागले, की सारे चेर्नोबिलचे नाही. बराच भाग जुना आहे, बाँबच्या चाचण्यांचा आणि १९५७ च्या आगीचा.

कोणी म्हणेल, मग मेंढपाळ कारखान्यावर चालून का गेले नाहीत? मंडळी, गावगाडा इतका सोपा नसतो. कोणाचा मुलगा त्या कारखान्यात कामाला, कोणाचा जावई, कोणाचा शेजारी. पगार तिथला. कारखाना वाईट म्हणायचे तर घरातच भांडण. म्हणून लोक मनात शंका ठेवीत आणि तोंडाने गप्प बसत. वरच्यांना वाटे, लोक गप्प आहेत म्हणजे पटले आहे. ही चूक आम्ही शाळेत पुष्कळदा केली आहे. वर्ग गप्प असला की गुरुजींना वाटते, सगळ्यांना गणित समजले.

ब्रायन विन नावाचे लँकेस्टर विद्यापीठातले एक अभ्यासक या मेंढपाळांच्या घरी जाऊन बसले, त्यांचे बोलणे ऐकले आणि त्यावर लिहिले. तोवर जाणत्या लोकांत एक समजूत पक्की होती : लोक अणूला भितात ते अडाणीपणामुळे, त्यांना विज्ञान शिकवा की भीती जाईल आणि भरवसा येईल. विन यांनी दाखवले, की गोष्ट तशी नाही. या लोकांना आपली माती, आपले गवत, आपली मेंढी यांचे ज्ञान होते. ते तज्ज्ञांना तोलत होते. हा माणूस आपली चूक कबूल करतो का? मागे याने काही लपवले होते का? आपल्याला काही विचारतो का, की नुसते सांगतो? आपण गाय-बैल घेताना विकणाऱ्याला असेच तोलतो. बैलाचे दात पाहतो, आणि विकणाऱ्याचा चेहराही पाहतो.

ती बंदी उठली कधी? इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जून २०१२ रोजी. आरंभी ब्रिटनभर साडेनऊ हजारांहून अधिक शेते आणि चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या बंदीत होत्या. शेवटी कंब्रियात आठ शेते उरली होती आणि वेल्समध्ये तीनशेहून अधिक. १९८६ साली जन्मलेले मूल तोवर सव्वीस वर्षांचे झाले होते. एवढे मात्र सांगितले पाहिजे, की बंदीमुळे वाईट मांस बाजारात गेले नाही. बंदी घालणे चूक होते असे आमचे म्हणणे नाही. जूनमध्येच कोणी सांगितले असते, "डोंगरावरच्या मातीचे आम्हाला नीट माहीत नाही, किती दिवस लागतील ते आज सांगता येत नाही," तर लोक चिडले असते, पण त्यांनी विक्रीची, चाऱ्याची काही तजवीज केली असती.

दुसऱ्या एका देशात हे काम निराळ्या तऱ्हेने झाले. तेही थोडक्यात सांगतो.

उत्तरेला फिनलंड नावाचा लहान देश आहे. तेथे एउरायोकी नावाचे गाव आहे. त्याच्या हद्दीत अणुवीजघर आहे. आता प्रश्न आला, की भट्टीतून निघालेला तो हजारो वर्षे किरण सोडणारा गाळ ठेवायचा कुठे? ठरले, की जमिनीखाली चारशे मीटरहून खोल, कठीण खडकात, तांब्याच्या डब्यांत बंद करून पुरायचा. पण कोणत्या गावाखाली? त्या देशात १९८७ साली कायदा झाला. त्यात एक कलम आहे : गावच्या पंचायतीने नाही म्हटले, तर विषय तिथेच संपला. सरकारलाही ते मोडता येत नाही, संसदेलाही नाही. २००० साली एउरायोकीच्या पंचायतीत मतदान झाले. वीस जण बाजूने, सात जण विरुद्ध. मग २००१ साली संसदेने मान्यता दिली आणि २००४ साली खोदकाम सुरू झाले. गावाला कराचे उत्पन्न मिळते, हेही एक कारण होते. ते लपवायचे कारण नाही. पण नाही म्हणायचा हक्क हाती असला, की माणूस हो म्हणतानासुद्धा शांतपणे विचार करतो. कोणी गळ्याला दोर लावून ओढतो आहे असे वाटले, की जनावरसुद्धा पाय रोवते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ.

आपल्या देशात अणुवीज पहिल्यांदा तयार झाली ती महाराष्ट्रातच, तारापूरला, १९६९ साली. पुढे तेथे आणखी दोन भट्ट्या झाल्या, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. त्या लोकांच्या पुनर्वसनाचा झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यावर जैतापूर प्रकल्प ठरला. प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, सारे मिळून ९,९०० मेगावॉट. पाच गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली. पुष्कळांनी आरंभी मोबदल्याचे चेक घ्यायला नकार दिला. २०११ सालच्या मार्च महिन्यात जपानात फुकुशिमाला अपघात झाला. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, साखरी नाटे येथे आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक मच्छिमार मेला.

साखरी नाट्याच्या मच्छिमारांचे काय म्हणणे होते? त्यांची जमीन जात नव्हती, म्हणून जमिनीच्या मोबदल्यात त्यांचे नाव नव्हते. त्यांचे शेत म्हणजे समुद्र. भट्टी थंड करून कोमट झालेले पाणी समुद्रात सोडणार, तर मासळी राहील का? बंदोबस्तासाठी किनारा अडवला, तर होडी कुठून काढायची? हे प्रश्न अडाणीपणाचे आहेत का? आम्हाला तरी ते कंब्रियातल्या मेंढपाळांच्या प्रश्नांसारखेच वाटतात. दरीत गवत किती, असे विचारण्यासारखेच.

आम्ही प्रकल्पाच्या बाजूचे की विरुद्ध, असे तुम्ही विचाराल. वीज आम्हालाही हवी. या पुस्तकाचे वाचन तुम्ही रात्री दिव्याखालीच करता. आमचा राग आहे तो छातीठोक बोलणाऱ्यांवर, मग ते कोणत्याही बाजूचे असोत. एक म्हणतो, काडीचाही धोका नाही. दुसरा म्हणतो, आंब्याला मोहर यायचा नाही आणि पोरे आंधळी जन्मतील. दोघांनाही विचारावे, "कशावरून? कुठे मोजले? कोणत्या मातीत मोजले?" जो न चिडता उत्तर देतो, आणि एखाद्या प्रश्नावर "हे मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात खरोखर सांगायला येतो, त्याचे दुसऱ्यांदा ऐकावे.

फिनलंडसारखा नाही म्हणायचा हक्क आपल्या ग्रामपंचायतीला अशा प्रकल्पाबाबत नाही. पण काही हक्क आहे. केंद्र सरकारची २००६ सालची पर्यावरणाची अधिसूचना आहे. तिच्यात मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी सांगितली आहे. सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी द्यावी लागते. ती वर्तमानपत्रात छापावी लागते. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्याचा सारांश लोकांच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, पाहायला ठेवावा लागतो. तो जिल्हाधिकारी कचेरीत आणि जिल्हा परिषदेत मिळतो. गावातल्या कोणालाही सुनावणीत उठून बोलता येते. बोलायची भीड वाटली, तर हरकत लिहून देता येते. लिहून दिलेल्या हरकतीची पोच मागावी आणि ती जपून ठेवावी. जैतापूरच्या सुनावणीच्या वेळी लोकांची तक्रार होती, की मराठी कागद वेळेवर हाती आले नाहीत. तीस दिवसांतले पंचवीस दिवस कागद शोधण्यात गेले, तर वाचायचे कधी?

पूर्वी असा कागद आला की गावातल्या एक-दोघांकडे न्यावा लागे. त्यांनी वाचला तेवढा खरा. आम्हीही पंधरा दिवसांचा तो कागद असाच वाचून दाखवला होता. आता तुम्हाला स्वतःला वाचता येते. असले सारांश लांबलचक असतात, शब्द अवघड असतात, एका बैठकीत होत नाहीत. पुढच्या बुधवारी आम्ही एक जुना सारांश घेऊन येऊ. प्रत्येकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. अडेल त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. जे आम्हालाही अडेल, त्याखाली आम्हीही मारू.